उजेडाची परवानगी

आमच्या आत्याचं काम चांगलं झालं की दिसायचं नाही, आणि दिसलं म्हणजे बिघडलं. असा दुसरा धंदा फक्त चोरीचा, असं तीच म्हणायची. ती रफू करायची. कुणाच्या कोटाला कसर लागलेली असायची, कुणाची शाल खिळ्याला अडकून फाटलेली असायची. आत्या त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि सुईनं एक वर, एक खाली करत भोक विणून काढायची. मग कपडा गिऱ्हाइकापुढे टाकायची आणि म्हणायची, "शोधा आता." गिऱ्हाईक बोटं फिरवून थकलं की तिचं पोट भरायचं. पैसे वगैरे नंतर.

हे काम ती सासऱ्याकडून शिकली. तिच्या नवऱ्याची कामाच्या नावानं बोंब होती. शेवटी सासऱ्यानं मुलाचा नाद सोडला आणि सुनेच्या हातात सुई दिली. पुढे नवरा एकदा गिऱ्हाइकाचा कोट अंगात घालून बाहेर पडला तो परत आलाच नाही. आत्याला नवऱ्यापेक्षा त्या कोटाचं जास्त लागलं. "नुकता पुरा केला होता गं," ती अजून हळहळायची. सासरा गेला तेव्हा हे अरुंद घर तिच्या नावावर करून गेला. माझे वडील म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आई आधीच गेलेली. ते वारले तेव्हा नातेवाईक माझं काय करायचं यावर चर्चा करत बसले होते. आत्या आली, तिनं माझे कपडे पिशवीत भरले आणि मला घेऊन निघाली. चर्चा मागे चालूच राहिली म्हणतात.

स्वभावानं ती हट्टी. एका मोठ्या माणसानं तिच्या कामाला ठिगळ म्हटलं, तर अर्धं झालेलं काम तिनं त्याच्यापुढेच उसवलं आणि भोक होतं तसं परत दिलं. "हे घ्या तुमचं. ठिगळ समोरचा शिंपी लावतो." मी तेव्हा दाराआड उभी राहून घाबरले होते. आता आठवलं की मला हसू येतं.

घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. त्या खोलीला खिडकी एकच. खिडकीपलीकडे हातभर बोळकंडी, मग कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बाग. खिडकीतून ऊन थेट यायचं नाही. यायचा तो सकाळपासून दुपार कलेपर्यंत एकसारखा, शांत उजेड. तो उजेड म्हणजे तिचं अर्धं भांडवल होतं. कपड्याच्या शिवणीत जास्तीचा धागा नसला की ती डब्यातल्या जुन्या धाग्यांतून रंग जुळवायची, आणि तो फक्त खिडकीपाशी. दिव्याखाली कधीच नाही. "दिवा तोंडपुजा असतो," ती म्हणायची. "सगळ्यांना बरं वाटेल असं बोलतो. खरं ऐकायचं तर दिवसाला विचारावं."

बाग होती दातांच्या डॉक्टरांची. माणूस सभ्य, बोलणं मऊ, इतकं मऊ की दात उपटून झाल्यावर कळावं. आयुष्यभर त्यांनी बाजारपेठेत दवाखाना चालवला. तो बंद केला आणि बागेत रमले. आम्हाला त्यात आनंदच होता. त्यांचे गुलाब फुकटात आमच्या खिडकीतून दिसायचे.

मग एका सकाळी भिंतीला लागून लाकडाचे खांब उभे राहिले. आम्हाला वाटलं, वेल चढवायचा असेल. वेल कसला! पाठीमागे आमच्या बाजूला सलग फळ्या, वर उतरतं छप्पर, पुढे बागेकडे तिन्ही बाजूंनी काचा आणि दार. आत फळ्यांच्या ओट्यावर वेताच्या खुर्च्या. डॉक्टर त्याला बागघर म्हणत. आत्या पहिल्या दिवसापासून त्याला खोपट म्हणाली आणि शेवटपर्यंत तिनं शब्द बदलला नाही.

छप्पर आमच्या खिडकीच्याही वर गेलं. मी पोस्टातल्या नोकरीवरून संध्याकाळी घरी आले, तर आत्या टेबलापाशी नुसती बसलेली. हातात सुई होती, पण ओवलेली नव्हती.

"आज काम नाही?" मी विचारलं.

"काम आहे. दिवस नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बसवलं, डॉक्टरीणबाईंनी चहा दिला. आत्यानं चहाला हात न लावता सांगितलं, "तुमचं खोपट माझ्या खिडकीवर बसलंय. सरकवा."

"अहो ताई, ती तर तुमची मागची बाजू," डॉक्टर म्हणाले. "तिथं कोणाला त्रास होणार म्हणून तर तो कोपरा निवडला."

"तुमच्याकडून बघितलं की मागची. मी तिथंच बसते, मला ती पुढचीच आहे."

डॉक्टर हळहळले, खरंच हळहळले. पण खांब पक्के रोवलेत, सुतार पुन्हा मिळायचा नाही, गुलाबांची मुळं दुखावतील, अशी त्यांची कारणं निघत गेली. गोड माणसाशी भांडणं फार कठीण. उखळात डोकं घालावं तर ते मुसळाला कापूस गुंडाळून बसलेले. मला तर वाटत होतं, त्यांनी एकदा ओरडावं म्हणजे मलाही ओरडता येईल.

मग मी नगरपालिकेत अर्ज केला. मोजणीवाला आला, टेप लावून त्यानं भिंत मोजली, खोपट मोजलं, आणि खोपट डॉक्टरांच्या हद्दीत वीतभर आतच निघालं. पाया नाही, पक्कं बांधकाम नाही, कायद्यात सगळं बसत होतं. तो माणूस वाईट नव्हता. टेप गुंडाळता गुंडाळता आत्याला म्हणाला, "बाई, जमीन मोजायची टेप आहे माझ्याकडे. उजेड मोजायची नाही."

"मला येतो मोजता," आत्या म्हणाली. पण ते कुणाच्या कामाचं नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गड्याच्या हाती एक दिवा पाठवला. त्यांच्या दवाखान्यातला, लांब मानेचा, पांढराशुभ्र प्रकाश पाडणारा. सोबत निरोप, की ताईंची गैरसोय व्हायला नको. आत्या तो तसाच परत पाठवणार होती. मीच आडवी आले. म्हटलं, वापरून तर बघ. जग दिव्याखाली कामं करतं, तूच एकटी कोण लागून गेलीस? तिनं दिवा टेबलावर ठेवून घेतला. मला वाटलं, पटलं.

दिव्याखाली तिनं पहिला कोट केला तो मोठ्या हॉटेलच्या दरवानाचा. गडद तांबडा, सोनेरी गुंड्यांचा. छातीवर कुणाच्या तरी सिगारेटनं भोक पडलेलं. शिवणीत धागा नव्हता, डब्यातून जुळवला. काम झालं तेव्हा मी स्वतः बोट फिरवलं, मला काही सापडलं नाही. मी टाळी वाजवली.

दोन दिवसांनी दरवान कोट घालूनच आला. दारातच थांबला, बाहेर, उजेडात. "आत्याबाई, जरा इकडे येता?" तो म्हणाला. आत्या पायरीवर गेली. मीही गेले. तांबड्या छातीवर नाण्याएवढा जांभळा डाग होता. दिव्यात जो धागा तांबडा होता, तो दिवसा जांभळा झाला होता. दरवान बिचारा रागावला नव्हता. उलट तोच अवघडला होता. "मी दिवसभर उन्हात उभा असतो ना," तो म्हणाला, "आत असतो तर चाललं असतं."

आत्यानं कोट उतरवून घेतला. तिचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता, नवऱ्याची गोष्ट सांगतानासुद्धा नाही. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा तिचं काम दिसलं होतं. संध्याकाळी मी म्हणाले, "आत्या, पुरे आता. माझा पगार आहे, दोघींना पुरतो. तू आराम कर." मी प्रेमानं म्हणाले होते. ती अशी उसळली की भिंतीवरची पाल पळाली असेल.

"आराम? मी काय दुखणाईत आहे? काम सोडलं तर या घरात मी कोण? तुझ्या पगारावर बसलेली म्हातारी! माझे डोळे शाबूत आहेत, हात शाबूत आहे. गेलंय ते एवढंच," आणि तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. "ते गेलं नाही, नेलंय. नेलेलं परत आणता येतं."

सकाळी मी कामावर निघाले तर आत्या माझ्या आधी दारात. एका हातात सुयांचा डबा, दुसऱ्या हातात दरवानाचा कोट, काखेत स्टूल. मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, "उजेड गेलाय तिकडे." आणि सरळ डॉक्टरांच्या फाटकातून आत शिरली. गुलाबांच्या मधून गेली, खोपटाचं दार ढकललं, काचेपाशी स्टूल ठेवलं आणि बसली. मला पोस्टात उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. मी गेले नाही. पुढचं मला डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

डॉक्टर पेपर घेऊन आले आणि दारात थबकले. "ताई, हे काय?"

"काम."

"पण इथं?"

"माझा उजेड इथं अडकलाय. तो सुटेपर्यंत मी त्याच्यासोबत."

डॉक्टरांना वाटलं, एक दिवसाचा राग आहे. आत्या दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. वेताच्या खुर्चीला तिनं कधी पाठ टेकली नाही, स्वतःच्या स्टुलावर बसली. चहा आला तर नको म्हणाली, पाणी घरून नेलं. गिऱ्हाइकांनाही पत्ता कळला. लोक कोट, शाली घेऊन डॉक्टरांच्या फाटकातून यायला लागले. कुणी गुलाबाला खेटून जायचं, कुणी "डॉक्टर, आता रफू पण करता का?" विचारायचं. डॉक्टर दातओठ खात आणि वरून हसत. त्यांनी खोपटाच्या दाराला कुलूप लावलं तर आत्या पायरीवर स्टूल टाकून बसली. पायरीवर उजेड आणखी चांगला, असं तिनं मला मुद्दाम सांगितलं. गल्लीत दोन तट पडले. माझ्या कचेरीतही पडले. मला सगळे विचारत, तुझी आत्या असं का करते, आणि मी आधी खालमानेनं उत्तरं द्यायची. पण एकदा कुणीतरी म्हणालं, "म्हातारपणी होतं असं." तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तिला काही झालेलं नाही, तुम्हाला काही होत नाही हाच रोग आहे. त्या दुपारी मी रजा टाकली आणि आत्याशेजारी पायरीवर जाऊन बसले.

त्याच दुपारी डॉक्टरांचा मऊपणा संपला. दरवान आपला कोट न्यायला आला होता, डॉक्टरीणबाई घराच्या दारात उभ्या होत्या, आणि डॉक्टर तरातरा बागेत आले. "पुरे झालं," ते म्हणाले. "जागा माझी, लाकूड माझं, बाग माझी. नगरपालिकेनं मोजून दिलंय. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

आत्यानं सुई कोटात टोचून ठेवली. "जागा तुमची, लाकूड तुमचं. कोण नाही म्हणतंय?" ती म्हणाली. मग तिनं त्यांच्यापुढे आ वासला. "यातला तुमचा दात कुठला, सांगा."

डॉक्टर गोंधळले. पण सवय मोठी वाईट. ते वाकले, बघितलं. "हा," ते म्हणाले. "वरचा, पुढचा. जिन्यावरून पडला होता तुम्ही."

मी थक्क झाले. तिच्या मांडीवर वाढले मी, पण तिचा पुढचा दात खोटा आहे हे मला माहीत नव्हतं.

"तुम्ही बसवलात म्हणून तुम्हाला कळला," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कुणाला कळत नाही. का नाही कळत? तुम्ही दिवा बंद केलात, मला खुर्चीवरून उठवलंत आणि रस्त्याकडच्या खिडकीत नेलंत. रंगाचे तुकडे एकेक करून माझ्या दाताशी धरलेत. बाहेर माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, डॉक्टर, इथंच बघा की दिव्याखाली. तेव्हा काय म्हणालात?"

डॉक्टर गुलाबांकडे बघू लागले.

"काय म्हणालात?"

"दिव्यात रंग कळत नाही," डॉक्टर पुटपुटले.

"मग मला दिवा कशाला पाठवलात?"

दरवानानं टोपी काढून हातात घेतली. डॉक्टर पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले, फळी करकरली. ते म्हणाले, "ताई, मी आयुष्यभर एका खोलीत उभं राहून लोकांच्या तोंडात बघितलं. उजेड खिडकीत यायचा, पण तो पेशंटसाठी. मला वाटलं, आता आपणही कधीतरी उजेडात बसावं. एवढंच होतं माझं." ते खरं बोलत होते. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून माझाच मला रागही आला. मग ते उठले, खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि आत्यापुढे धरली. "तुम्ही रोज येऊन बसा इथं. पाहिजे तेवढा वेळ. माझी काही हरकत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. मीही सोडला. वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

आत्या उठली. सुयांचा डबा मिटला, स्टूल काखेत मारलं. "झालं. आता मला इथं बसता येत नाही."

"अहो, पण मी तर हो म्हणालो!"

"म्हणूनच. तुम्ही नको म्हणत होता तोवर मी हक्कानं बसले होते. आता बसले तर तुमच्या मेहेरबानीनं बसले. आज हो म्हणालात, उद्या पाहुणे आले की नाही म्हणाल. परवा तुमचा मुलगा येईल, तो मला ओळखणारही नाही. मला तुमच्या घरात उजेड नको, डॉक्टर. माझ्या घरात पाहिजे. होता तिथं."

आणि ती निघून आली. किल्ली डॉक्टरांच्या हातात तशीच राहिली. घरी आल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. हातातोंडाशी आलेला घास असा लाथाडतात का? ती म्हणाली, "पोरी, घास कुणाच्या ताटातला ते बघावं." मला तेव्हा काही पटलं नाही. जेवलेही नाही मी.

पुढचे दिवस वाईट गेले. ज्या कपड्याच्या शिवणीत स्वतःचा धागा असेल तेवढंच काम ती घ्यायची, बाकीच्यांना परत पाठवायची. सासऱ्याच्या वेळेपासून येणारं एक गिऱ्हाईक शाल घेऊन दुसरीकडे गेलं. ती अंधारात टेबलापाशी बसून धाग्यांचा डबा उगाच आवरायची. मी लाइट लावला की विझवायची. मला रडू यायचं, पण तिच्यासमोर रडायची सोय नव्हती.

आणि पलीकडे खोपट रिकामं. डॉक्टर पेपर घेऊन यायचे, दार उघडायचे, क्षणभर बसायचे आणि उठून जायचे. डॉक्टरीणबाई मला फाटकात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ते म्हणतात, पाठीला फळ्या टोचतात. टेकत तर नाहीत, टोचतील कशा?"

मग एका रविवारी मागून ठोकाठोकीचा आवाज आला. आम्हाला वाटलं, आता हा बाबा मजला चढवतोय. खिडकीशी गेलो तर छपरावर सुतार होता, आणि खाली डॉक्टर, डोक्याला रुमाल बांधून, स्वतः हातात हातोडा घेऊन. छपराचा एक तुकडा निघाला. डॉक्टरांनी भिंतीवरून वाकून विचारलं, "ताई, बघा बरं. पुरतंय?"

आत्यानं डब्यातून तांबडा धागा काढला, जांभळा काढला, दोन्ही खिडकीत धरले. "नाही," ती म्हणाली. "अजून."

सुतारानं अजून काढलं. "आता?"

"अजून."

मी तिला चिमटा काढला. माणूस स्वतःहून मोडतोय, थोडं तरी गोड बोलावं. तिनं माझा हात झटकला. छप्पर गेलं, फळ्या गेल्या, काचा गेल्या. शेवटी खांब उरले, तर आत्या म्हणाली, "तो डावीकडचा." डॉक्टरांनी तोही उपटला. घामानं डबडबले होते, पण दात उपटावा तसा सफाईनं उपटला, हे मान्य करायला हवं. मग आत्यानं दोन्ही धागे पुन्हा धरले. तांबडा तांबडा दिसला आणि जांभळा जांभळा. ती टेबलाशी बसली आणि सुईत धागा ओवला.

"आभार तरी मान," मी कुजबुजले.

"कशाचे? आपलं परत मिळालं की नीट बघून घ्यायचं असतं. आभार कसले?"

बागेत उरला तो फळ्यांचा नुसता ओटा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर टोपी घालून त्यावर खुर्ची टाकून बसले. पुढे रोजच बसू लागले. वर आभाळ मोकळं, शेजारी गुलाब. आत्या इकडे खिडकीत, ते तिकडे ओट्यावर. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. एकदा मी टेबलाशी उभी होते, तेव्हा त्यांनी पेपर चांगला दोन हात पसरून उघडला आणि आत्याच्या हातातल्या कापडावर सावली आली.

आत्यानं मान वर केली नाही. "डॉक्टर," ती म्हणाली, "पेपर खाली."

डॉक्टरांनी पेपराची घडी घातली आणि तो मांडीवर ठेवून वाचायला लागले.